जुन्या महिंद्रा जीप-पिकअपचा स्टिअरिंगवरचा हॉर्न: बटण दाबलं तर मुका, डावीकडे वळवलं की आपोआप वाजतो

यवतेश्वर_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्राची जुनी जीप, मागे पिकअपचा हौदा. एफ-हेड हरिकेन पेट्रोल इंजिन, १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचा मायनस चासीला जोडलेला). चासी आणि स्टिअरिंग कॉलम पावडर कोटिंग करून बसवलाय. तेव्हापासून हॉर्नची तक्रार सुरू झाली:

बटण दाबलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, कधी नुसता एकदा 'टक' आवाज येतो. स्टिअरिंग डावीकडे जवळपास पूर्ण वळवलं की एका ठराविक जागी हॉर्न आपोआप वाजतो, तोही चांगला मोठ्याने. थोडं पुढेमागे केलं की बंद. फ्यूज मात्र एकदाही उडालेला नाही.

हॉर्न नवे आहेत, १२ व्होल्टची डिस्क जोडी, प्रत्येकाला दोन टर्मिनल. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. वायरमन म्हणतो डॅशबोर्डवर पुशबटण लावून मोकळे व्हा. मला ते नको आहे. केळघर किंवा पसरणीच्या वळणावर दोन्ही हात चाकावर असताना अंगठ्याखाली हॉर्न पाहिजे, आणि या गाडीला मधलं काळं बटणच शोभतं. शिवाय नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलंय, पासिंगला हॉर्न तपासतातच.

विचारायचं ते असं: वायर नेमकी कुठून कुठे जाते? स्टिअरिंगचं चाक काढणं भाग आहे का? रिले लावावा का? आणि जुना ६ व्होल्टचा मूळ हॉर्न जपून ठेवलाय, तो परत वापरता येईल का?

---

जुनं_लोखंड_सांगली

पुशबटणाचा विचार सोडलात ते उत्तम केलंत. हा दोष सापडणारा आहे, आणि चाकाला पुलर (चाक ओढून काढायचं अवजार) लावायच्या आधीच निम्म्याहून जास्त सापडेल.

आधी वायरचा रस्ता समजून घ्या, कारण इथेच बरेच जण फसतात. या गाड्यांत बटण हॉर्नला करंट पुरवत नाही, अर्थ पुरवतं. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून थेट हॉर्नच्या एका टर्मिनलला आलेला असतो. हॉर्नच्या दुसऱ्या टर्मिनलवरून वायर कॉलमपर्यंत येते. कॉलमच्या बाहेरच्या नळीला एक छोटी खिडकी असते, तिथे स्प्रिंगवरचा ब्रश बसवलेला असतो. हा ब्रश आतल्या फिरत्या नळीवरच्या पितळी रिंगला घासत राहतो. रिंग आणि नळी यांच्यामध्ये इन्सुलेशन असतं. रिंगला डाग (सोल्डर) दिलेली वायर नळीच्या भोकातून आत शिरते, पोकळ नळीतून वर चढते आणि बटणाखालच्या वाटीला मिळते. बटण दाबलं की वाटी चाकाच्या लोखंडाला टेकते. तिथून अर्थ आतली नळी, स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सचे बेअरिंग, गिअरबॉक्सची बॉडी, त्याचे बोल्ट आणि चासी अशा मार्गाने बॅटरीच्या मायनसला पोचतो.

(काही जुन्या पिकअपमध्ये ब्रश नसतो, वायर पोकळ शाफ्टमधून सरळ खाली उतरून गिअरबॉक्सच्या तळातून बाहेर येते. कॉलमवर खिडकी आणि त्यात जाणारी वायर दिसली तर तुमचा ब्रशवाला प्रकार.)

आता तुमचा फ्यूज का उडत नाही ते लक्षात येईल. आपोआप हॉर्न वाजतो तेव्हा शॉर्ट हॉर्नच्या पुढे होतो, मागे नाही. करंट हॉर्नमधूनच जातो, त्यामुळे फ्यूजला ते बटण दाबल्यासारखंच वाटतं.

पुढच्या चाचण्या याच क्रमाने करा. लागेल ते एवढंच: १२ व्होल्ट ५ वॅटचा टेस्ट बल्ब, दोन मीटर जाड वायर, मल्टिमीटर.

१. हॉर्नची दोन्ही टर्मिनलं सोडवून बॅटरीवरून थेट वायर द्या, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज टाकून. दोन्ही हॉर्न वेगवेगळे वाजले पाहिजेत. इथे 'टक' आला तर दोष हॉर्नमध्ये, बाकी काही उघडू नका.

२. वायरी परत जोडा. टेस्ट बल्बची एक बाजू बॅटरीच्या मायनसला, दुसरी हॉर्नच्या पुरवठ्याच्या टर्मिनलला. बल्ब पूर्ण उजेडाने लागला पाहिजे.

३. कॉलमच्या ब्रशला येणारी वायर ब्रशवरून सोडवा आणि तिचं टोक थेट बॅटरीच्या मायनसवरून आणलेल्या वायरला लावा. हॉर्न खणखणीत वाजला तर तिथपर्यंत सगळं ठीक, दोष कॉलममध्ये.

४. ब्रशची वायर परत जोडा. बॅटरीच्या मायनसवरून एक लांब वायर आणून चाकाच्या मधल्या नटला घट्ट टेकवा (त्यासाठी बटणाची टोपी काढावी लागेल) आणि वाटीची वायर त्याच नटला लावा. हॉर्न वाजला आणि ती लांब वायर काढताच बंद पडला, तर कॉलमचा अर्थ गेलेला आहे.

५. हॉर्नकडून येणारी वायर ब्रशवरून पुन्हा सोडवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक ब्रशला, एक बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला. पुढचा एक्सल स्टँडवर उचला आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. बटण न दाबता मीटरने पूर्ण वेळ 'उघडं' दाखवलं पाहिजे. ज्या जागी आकडा येतो ती जागा चाकावर टेप लावून खूण करा.

टोपी काढताना बेकेलाइटच्या कडेला पेचकस घालू नका, ते तडकतं. काही बटणं दाबून पाव फेरा फिरवली की सुटतात, काहींवर आट्यांचं कडं असतं. आधी डोळ्यांनी नीट पाहा. टोपीखाली स्प्रिंग आहे, वर कापड धरा म्हणजे उडून हरवणार नाही.

---

यवतेश्वर_पायथा (सातारा)

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. निकाल देतो.

१ आणि २ ठीक. ३ मध्ये दोन्ही हॉर्न जोरात. ४ मध्ये लांब वायर असताना वाजतो, काढली की नुसता 'टक'. ५ मध्ये बटण न दाबता डावीकडच्या त्याच जागी मीटर जवळपास शून्य दाखवतो, बाकी सगळीकडे उघडं.

शंका अशी की अर्थ कमजोर आहे तर डावीकडे वळवल्यावर एवढा जोरात कसा वाजतो?

---

जुनं_लोखंड_सांगली

शंका अगदी बरोबर जागी आली. कारण दोष एक नाही, दोन आहेत.

बटण अर्थ घेतं आतल्या नळीवरून. ती नळी ग्रीसमध्ये फिरणाऱ्या बेअरिंगवर उभी, आणि गिअरबॉक्स पावडर कोटिंग केलेल्या चासीवर बसलेला. पावडर कोटिंग म्हणजे भाजलेलं प्लॅस्टिकच. बोल्टच्या आट्यांमधून जो काय संपर्क उरलाय त्यातून ८-१० अँपिअर जात नाहीत, म्हणून 'टक'.

डावीकडे वळवल्यावर मात्र रिंगची वायर आतल्या नळीला लागत नाहीये, बाहेरच्या नळीला लागतेय. बाहेरच्या नळीला डॅशबोर्डच्या पट्टीवरून बॉडीचा चांगला अर्थ मिळतोय, म्हणून मोठा आवाज. वायर फिरत्या भागावर असल्यामुळे ठराविक कोनातच टेकते. बहुधा नळीच्या भोकाच्या काठाने इन्सुलेशन कापलं गेलंय, किंवा रिंगवर डाग दिलेल्या जागी वायरचा फुगवटा बाहेर आलाय. कॉलम परत बसवताना हे सहज होतं.

अर्थ आधी दुरुस्त करा, सोपं आहे. गिअरबॉक्स ज्या बोल्टनी चासीला धरलाय त्यातला एक बोल्ट काढा, बोल्टखालची रुपयाएवढी जागा दोन्ही बाजूंनी चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका. सगळे बोल्ट एकदम ढिले करू नका, नाहीतर स्टिअरिंगची बैठक हलते. शिवाय गिअरबॉक्सच्या एखाद्या कव्हर बोल्टवरून चासीपर्यंत १० चौरस मिमी विणलेली तांब्याची पट्टी टाका. तशीच एक इंजिन ते चासी आणि एक बॉडी ते चासी. पट्टी घट्ट झाल्यावर उघड्या लोखंडावर बाहेरून रंगाचा किंवा व्हॅसलिनचा हात फिरवा. साताऱ्याच्या पश्चिमेला गाडी चालते, पावसाळ्यात तिथे उघडं लोखंड आठवड्यात तांबूस होतं.

तपासणी: वाटीची वायर नटला लावून हॉर्न वाजत ठेवा आणि त्याच वेळी नट व बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. ०.२ च्या आत असेल तर उत्तम. ०.५ च्या वर गेला तर अजून कुठेतरी रंग किंवा गंज अडवतोय.

---

कराड_पाना_पक्कड

कॉलम उघडायचं काम मी मांडतो. वरच्या निदानाला पूर्ण सहमती.

बॅटरीचा मायनस काढा. पुढची चाकं सरळ करा. टोपी, स्प्रिंग, वाटी, इन्सुलेटिंग वॉशर निघतील त्या क्रमाने एका पट्टीवर मांडा आणि फोटो घ्या. हा क्रम चुकला की वाटी कायमची अर्थ होते किंवा कधीच होत नाही.

चाकाच्या बुशावर आणि नळीच्या टोकावर सेंटर पंचने समोरासमोर खूण करा. नट दोन-तीन आटे ढिला करा पण पूर्ण काढू नका. आता पुलर लावा. चाक सुटताना झटक्याने येतं, नट असेल तर ते तोंडावर येत नाही. पुलर नाही म्हणून नळीच्या टोकावर हातोडा मारू नका. तो ठोका सरळ खाली गिअरबॉक्समधल्या वर्मच्या (आटेवाल्या गिअरच्या) बेअरिंगवर जातो, बॉलचे खड्डे पडतात आणि पुढे स्टिअरिंग मध्यावर अडकल्यासारखं चालतं. हॉर्नच्या नादात स्टिअरिंग घालवायचं नाही. चाक निघालं की खाली स्प्रिंग आणि वरचं बेअरिंग दिसेल, तेही क्रमाने ठेवा.

मग ब्रशचे छोटे स्क्रू काढून ब्रश बाहेर घ्या. हे आधी केलंच पाहिजे, नाहीतर बाहेरची नळी सरकवताना ब्रश मोडतो. डॅशबोर्डची पट्टी आणि गिअरबॉक्सजवळचा क्लॅम्प ढिला करा, बाहेरची नळी वर सरकवून काढून घ्या. आता रिंग, भोक, वायर सगळं उघड्यावर आलं. बाहेरच्या नळीच्या आत टॉर्च मारून पाहा, जिथे वायर टेकत होती तिथे चकाकणारा ओरखडा किंवा काळा डाग असेल.

वायर बदलाच, जोड मारू नका. जुनी ओढून काढायच्या आधी तिच्या टोकाला मजबूत सुतळी बांधा, म्हणजे नवी वायर त्याच सुतळीने नळीतून ओढता येते. नवी वायर १ चौरस मिमीची, बारीक तारांची लवचिक घ्या. सिलिकॉन इन्सुलेशनची मिळाली तर सर्वांत बरी. एकाच जाड तारेची घरगुती वायर इथे चालत नाही, वाकून तुटते.

नळीच्या भोकाची धार गोल कानशीने मारून गुळगुळीत करा. भोकातून जाणाऱ्या भागावर हीट श्रिंकचे दोन थर चढवा, जागा असेल तर छोटा रबरी ग्रोमेट बसवा. डाग देताना राळेचा फ्लक्स वापरा. पत्र्याला लावतात ती आम्लाची पेस्ट वापरली तर काही महिन्यांत जोड हिरवा पडून सुटतो. डाग चपटा राहिला पाहिजे. फुगवटा राहिला तर कानशीने उतरवा, पुन्हा तोच घास नको.

रिंगखालचं इन्सुलेशन तपासा. मीटर रिंग आणि नळीमध्ये लावा, वायर मोकळी ठेवून. काहीही आकडा दिसला तर रिंग उतरवून नवा फायबर किंवा नायलॉनचा बुश करा. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवाला हे सहज करून देतो, फक्त जुना बुश नमुन्याला द्या. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो आणि रिंग सरकते.

रिंग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर. वर व्हॅसलिनचा अगदी पुसट हात. ग्राफाइटचं काळं ग्रीस इथे चुकूनही नको, ते वीज वाहून नेतं. रिंगवरून ओघळून नळीपर्यंत गेलं की हॉर्न बारीक आवाजात कण्हत राहतो आणि दोष कुठे आहे ते कळत नाही.

वरचं बेअरिंग झिजलेलं असेल तर तेही आताच बदला. चाक धरून वरखाली आणि आडवं हलवून पाहा. नळी डुगडुगत असेल तर रिंग ब्रशपासून दूर जाते आणि हॉर्न वळणावर नेमका दगा देतो. जिथे हॉर्न लागतो तिथेच.

---

सर्किट_मिरज

रिलेबद्दल. लावाच. माझं मत यात ठाम आहे.

दोन डिस्क हॉर्न मिळून ८ ते १० अँपिअर घेतात. ब्रश आणि रिंगमध्ये समजा ०.३ ओहमचा अडथळा आहे. ८ अँपिअरला तिथेच २.४ व्होल्ट खाल्ले जातात, हॉर्नला १० च्या आत मिळतात, आवाज बसतो. वर प्रत्येक वेळी बटण सुटताना वाटीवर ठिणगी पडते आणि तांबं जळत जातं. रिलेची कॉइल साधारण ०.१५ अँपिअर घेते. त्याच ०.३ ओहमवर नुकसान व्होल्टच्या विसाव्या भागाएवढं. बटण आणि ब्रश दोन्ही टिकतात.

जोडणी अशी (हे नंबर रिलेच्या पिनांचे). ३० नंबरला बॅटरीचा प्लस, १५ अँपिअरच्या फ्यूजमधून, २.५ चौरस मिमी वायरने. फ्यूज बॅटरीच्या जवळ. ८७ वरून त्याच जाडीची वायर दोन्ही हॉर्नच्या एकेका टर्मिनलला. हॉर्नची उरलेली टर्मिनलं २.५ च्याच वायरने चासीच्या स्वच्छ लोखंडाला. ८६ ला प्लस. ८५ वर कॉलमकडून येणारी वायर, तिथे १ चौरस मिमी पुरते. ८७ए असेल तर मोकळं सोडा, त्यावर टोपी घाला.

८६ चा प्लस थेट ३० वरून घेतला तर किल्ली नसतानाही हॉर्न वाजेल, मूळ गाडीत बहुधा तसंच असतं. इग्निशनवरून घेतला तर फक्त किल्ली चालू असताना. गाडी बाजारात उभी राहत असेल आणि पोरं हौद्यात, चाकाशी खेळत असतील तर इग्निशनवरून घ्या.

रिले फायरवॉलवर इंजिनच्या बाजूला, पिना खाली तोंड करून बसवा. वर तोंड केलं तर पाणी आत साठतं. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाकलात तर पट्टीची बाजू ८६ कडे, म्हणजे प्लसकडे. उलटा लावला तर बटण दाबताच डायोडमधून सरळ शॉर्ट होतो. ज्यांच्या जुन्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत त्यांनी डायोड लावलेला तयार रिले घेऊच नये.

आणखी एक. नवे हॉर्न घेताना एकाच टर्मिनलचे, बॉडीवरून अर्थ घेणारे काही मिळतात. ते या बटणावर रिलेशिवाय चालतच नाहीत, कारण बटण अर्थाच्या बाजूला आहे. तुमचे दोन टर्मिनलचे आहेत, चिंता नाही.

---

कराड_पाना_पक्कड

रिलेला माझा विरोध नाही, पण क्रम महत्त्वाचा. आधी अर्थ आणि वायर दुरुस्त करा, हॉर्न रिलेशिवाय नीट वाजू द्या, मग रिले. कमजोर अर्थावरसुद्धा रिले ओढतो, त्यामुळे दोष झाकला जातो आणि वायर आतल्या आत घासतच राहते. डावीकडचा आपोआप वाजणारा हॉर्न तर रिलेने अजिबात जाणार नाही, उलट किल्ली नसताना रात्री सुरू झाला तर बॅटरी उतरवेल.

---

सर्किट_मिरज

क्रम मान्य. अर्थ, वायर, मग रिले.

---

घंटाघर_वाई

६ व्होल्टच्या जुन्या हॉर्नबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण तो टाकून द्यायची वस्तू नाही. जुन्या हॉर्नचा पडदा जाड पत्र्याचा, आवाज खालच्या सुराचा आणि लांब पोचणारा. नवी डिस्क जोडी त्या गाडीवर परकी वाटते.

मात्र तो तसाच १२ व्होल्टवर लावू नका. दुप्पट व्होल्टला करंट दुप्पट आणि कॉइलची उष्णता चौपट होते. पॉइंट (हॉर्नच्या आतले उघडझाप करणारे संपर्क) चिकटतात, मग कॉइल जळते. रेझिस्टर टाकून चालवण्याचा सल्ला मिळतो, पण हिशेब करा: ६ व्होल्टचा हॉर्न १० अँपिअर घेत असेल तर रेझिस्टर ०.६ ओहमचा लागेल आणि वाजत असताना ६० वॅट उष्णता बाहेर टाकेल. बॉनेटखाली असा निखारा कशाला ठेवायचा?

योग्य मार्ग म्हणजे कॉइल पुन्हा गुंडाळणं. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जा. जुनी कॉइल उलगडताना वेढे मोजायला सांगा. नव्या कॉइलला वेढे दुप्पट, तारेचं क्षेत्रफळ निम्मं. म्हणजे व्यास जुन्याच्या ०.७ पट. जुनी तार २० गेजची, साधारण ०.९ मिमी असेल तर नवी २३ गेज, साधारण ०.६ मिमी. ओढण्याची ताकद तीच राहते, करंट निम्मा होतो, आणि त्याच खोबणीत तार मावते.

पॉइंट काचकागदाने साफ करा आणि समांतर बसवा. पॉइंटवर छोटा रेझिस्टर किंवा कंडेन्सर असेल तर तो काढू नका, ठिणगी तोच दाबतो. मागच्या बाजूला लॉकनट आणि स्क्रू असतो. मालिकेत अँपिअर मीटर लावा, लॉकनट ढिला करा, स्क्रू एका वेळी आट्याच्या आठव्या भागाएवढा फिरवा, दोन सेकंद वाजवा, थांबा. पॉइंट खूप घट्ट असले की ते उघडतच नाहीत: एक 'टक' येतो, करंट चढा राहतो आणि कॉइल तापते. अशा वेळी लगेच सोडा. खूप ढिले असले की आवाज चिरका आणि करंट कमी. मधे एक जागा सापडते जिथे सूर भरतो आणि मीटरचा काटा ५ अँपिअरच्या आसपास स्थिर होतो. तिथेच लॉकनट कसा, आणि कसल्यावर पुन्हा मोजा, कारण कसताना स्क्रू थोडा हलतो.

हॉर्न त्याच्या मूळ पातळ पोलादी पट्टीवरच बसवा. सरळ चासीला बोल्ट मारला तर पडद्याचं कंपन मरतं आणि आवाज डबा वाजवल्यासारखा येतो. तोंड खाली आणि थोडं पुढे. महाबळेश्वरच्या बाजूचं धुकंपाणी आत साठू नये म्हणून.

पासिंगसाठी एकच हॉर्न पुरतो. मोटार वाहन नियम ११९ विजेचा हॉर्न मागतो आणि एकामागून एक सूर बदलणारे किंवा कर्कश हॉर्न नाकारतो. त्यामुळे कुणी संगीताचा किंवा हवेचा हॉर्न सुचवला तर ऐकू नका.

---

यवतेश्वर_पायथा (सातारा)

बाहेरची नळी उतरवली. नेमकं सांगितलं तसंच निघालं: रिंगवर डाग दिलेल्या जागी वायरचा फुगवटा, आणि नळीच्या आत समोरासमोर काळा ओरखडा. भोकाच्या काठावर इन्सुलेशनही कापलेलं. गिअरबॉक्सला पट्टी लावली, नट ते मायनस आता हॉर्न वाजताना ०.१ व्होल्ट. नवी वायर सुतळीने ओढून घेतली.

अडलंय ते ब्रशवर. जुना ब्रश खूप झिजलाय, स्प्रिंगही मऊ झाली आहे. इथे स्पेअर पार्टच्या दुकानात तयार ब्रश मिळत नाही. काय वापरू?

---

जुनं_लोखंड_सांगली

सेल्फ स्टार्टरचा कार्बन ब्रश घ्या, डायनामोचा नको. स्टार्टरच्या ब्रशात तांबं जास्त असतं, अडथळा कमी पडतो आणि त्याला विणलेली तांब्याची शेपटीही लावूनच मिळते. जुन्या ब्रशच्या धारकाचं भोक कॅलिपरने मोजा आणि नवा त्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी लहान घासा, धारकात तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासला की बाजू सरळ येतात. कानशीने घासू नका, कोपरे तुटतात.

टोक रिंगच्या गोलाईला बसवायला रिंगभोवती पॉलिश पेपरची पट्टी खरखरीत बाजू वर करून गुंडाळा, ब्रश हाताने दाबून धरा आणि नळी सावकाश डावी-उजवी फिरवा. पूर्ण रुंदी घासली गेल्याची चमक दिसली की थांबा. कार्बनची पूड फुंकून आणि क्लीनरने धुऊन काढा. ती पूडही वीज वाहते, रिंगच्या कडेला साठू देऊ नका.

करंट शेपटीतून गेला पाहिजे, स्प्रिंगमधून नाही. शेपटीला थिंबल मारून वायरच्या स्क्रूखाली घ्या. स्प्रिंगमधून करंट गेला की ती तापून मऊ पडते, तुमच्या जुन्या स्प्रिंगचं तेच झालंय. नवी स्प्रिंग स्टेनलेसची, ब्रश धारकातून ४-५ मिमी बाहेर डोकावेल एवढ्या लांबीची. बोटाने दाबल्यावर सहज आत जावी. जास्त कडक घातली तर रिंगमध्ये चर पडतो.

बाहेरची नळी सरकवून खिडकी रिंगच्या बरोबर मध्यावर आणा, क्लॅम्प हलका कसा, ब्रश लावा, मग दोन्ही टोकांपर्यंत स्टिअरिंग फिरवून पाचव्या चाचणीचा मीटर पुन्हा लावा. बटण न दाबता पूर्ण उघडं, दाबल्यावर १ ओहमच्या आत. दोन्ही मिळालं की क्लॅम्प आणि डॅशबोर्डची पट्टी कसा. वरच्या बेअरिंगची स्प्रिंग विसरू नका, ती राहिली तर चाक खडखडतं. चाक खुणेवर बसवून नट पूर्ण कसा, आणि टोपी लावायच्या आधी चाक दोन्ही हातांनी ओढून पाहा.

---

यवतेश्वर_पायथा (सातारा)

स्टार्टरचा ब्रश मिळाला, ठरल्याप्रमाणे घासतो. रिले नंतर लावतो. जुना हॉर्न रिवाइंडिंगला दिलाय, त्यांनी वेढे मोजून लिहून ठेवलेत. तार २१ गेजची निघाली, मग नवी कितीची सांगू?

---

घंटाघर_वाई

२१ गेज म्हणजे साधारण ०.८१ मिमी. त्याला ०.७ ने गुणलं की ०.५७, म्हणजे २४ गेज (०.५६ मिमी). दुहेरी एनॅमलची तार मागा, आणि गुंडाळून झाल्यावर वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवायला सांगा. नुसती गुंडाळलेली कॉइल हॉर्नच्या कंपनाने आतल्या आत घासून शॉर्ट होते.